पहिली वेलांटी कोण काढतं?

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलींच्या खोलीत टेबल एकच असतं, आणि जिची परीक्षा जवळ आली असेल तिचं ते असतं. सध्या ते माझ्या रूममेटचं आहे. ती एमपीएससी करते. पहाटे अभ्यासिकेत जाते, दुपारी डबा खायला येते, रात्री पुन्हा नोट्स काढत बसते. मी कर्वे रोडवरच्या एका लहानशा कंपनीत वेबसाइट बनवायचं काम करते आणि रात्री कॉटवर मांडी घालून तेच काम हौसेने पुन्हा करते.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्यावर फायरफॉक्स आणि क्रोमियम (क्रोमचं खुलं रूप) हे ब्राउझर तर आहेतच, शिवाय एपिफनी आहे. ॲपलच्या सफारीचं वेबकिट हे इंजिन, म्हणजे ब्राउझरमधला पान मांडणारा भाग, मॅक न घेता बघायचं तर हा सोपा मार्ग. चौथा सर्वो. तो अजून घडतोय, म्हणून त्याचा सोर्स कोड उतरवून रात्री झोपताना त्यातून ब्राउझर तयार करायला लावते. एखादं पान लिहिलं की ते चारही खिडक्यांत उघडायचं आणि ओळ न् ओळ ताडून बघायची, हा माझा रोजचा उद्योग.

"एकच पान चार-चार ठिकाणी काय बघत बसतेस गं?" असं तिने एकदा विचारलं. तिच्या वहीवर समोरच शब्द होता, जिल्हाधिकारी. मी म्हटलं, हाच घेऊ.

या शब्दात आपल्याला पाच अक्षरं दिसतात. संगणकात मात्र बारा खुणा साठवलेल्या असतात. आधी ज, मग त्याची वेलांटी, मग ल, मग पाय मोडल्याची खूण, मग ह, मग काना, असं करत बारा. वेलांटी ज नंतर साठवली जाते, कारण उच्चार त्या क्रमाने होतो. पण लिहिताना ती ज च्या डावीकडे, आधी काढायची असते. ल चं अर्धं रूप घेऊन ते ह ला चिकटवायचं असतं. मूर्ती म्हणायचं असेल तर ती च्या आधी साठवलेला र उचलून ती च्या डोक्यावर रफार म्हणून ठेवायचा असतो. हे सगळं कोणी तरी करावं लागतं. पान पाठवणारा सर्व्हर फक्त खुणांची रांग पाठवतो. ती रांग घेऊन, फॉन्टमधले आकार धुंडाळून, मागचं पुढे करून आपल्याला वाचता येईल असा शब्द मांडतो तो ब्राउझर. रूममेटला हे ऐकून इतकं नवल वाटलं की तिने स्वतःचं नाव सुटं करून मोजायला घेतलं.

आकार जुळवण्याचं हे काम ज्या लायब्ररीत, म्हणजे अनेकांनी वापरायच्या तयार कोडमध्ये, होतं तिचं नाव हार्फबझ. फायरफॉक्स आणि क्रोमियम दोघेही तीच वापरतात, लिनक्सवरचा एपिफनी आणि सर्वोही तीच. ती खुली आहे, कोणालाही वाचता येते, आणि तिच्यात भारतीय लिप्यांसाठी स्वतंत्र भाग आहे. त्यामुळे जिल्हाधिकारी हा शब्द चारही खिडक्यांत बहुधा सारखाच उमटतो. मग फरक कुठे पडतो? पुढच्या निर्णयांमध्ये. ओळ कुठे तोडायची, बाणाची कळ दाबली की कर्सर किती सरकवायचा, बॅकस्पेसने नुसती वेलांटी खोडायची की अख्खं अक्षर, शब्दावर दोनदा टिचकी मारली की कुठपासून कुठपर्यंत निळं करायचं, पानात शोधताना कशाला सारखं मानायचं. हे प्रत्येक इंजिन आपापलं ठरवतं, आणि मराठी लिहिणाऱ्याचा दिवस याच गोष्टींमुळे सुखाचा किंवा त्रासाचा होतो.

शोधण्याचंच घ्या. शाळेत सगळ्यांनी शिकलेली जोडी आहे, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. एक गुरुजनांसाठी, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. दुसऱ्या शब्दातला अर्धा र, ज्याला चंद्रकोरीसारखा आकार येतो, तो मराठीत दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा र देऊन त्याचा पाय मोडतात. काही साधा र, पाय मोडल्याची खूण आणि एक न दिसणारी जोडखूण टाकतात. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. 'वाऱ्यावर' शोधताना दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला सापडतो की नाही, हे ब्राउझर किती समजूतदारपणे ताडून पाहतो यावर आहे. फार ढिलाई केली तर आचारी आणि आचार्य एकत्र येतात, फार काटेकोर राहिला तर समोरचा शब्द सापडत नाही. या प्रश्नाचं मला पटेल असं उत्तर देऊ शकतील असे लोक मराठी वाचणारेच असणार, आणि त्यांनी ते कुठे तरी जाऊन सांगायला हवं. हे सांगता येतं, हीच या क्षेत्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. फायरफॉक्स, क्रोमियम, वेबकिट, सर्वो, सगळ्यांच्या बगची नोंदवही उघडी असते. करमाळ्याहून आलेल्या मुलीने तिथे लिहिलेली तक्रार दूरदेशीचा इंजिनिअर वाचतो आणि प्रश्न विचारतो.

करमाळ्याचं नाव निघालंच तर मामाच्या फोनबद्दल लिहायला हवं. त्याच्याकडे बटणांचा नोकिया होता, त्यावर ऑपेरा मिनी. मराठी पान उघडलं की सगळे चौकोन दिसायचे, कारण फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. कॉलेजात जाणाऱ्या कुणीतरी मामाला एक युक्ती सांगितली होती. पत्त्याच्या जागी ऑपेरा कॉन्फिग असं लिहायचं, एक यादी येते, तिच्यात अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरा अशी सोय असते, ती सुरू करायची. मग ऑपेराचा सर्व्हर पान आधी स्वतः उघडायचा, त्यातल्या अक्षरांची चित्रं करायचा आणि ती फोनकडे पाठवायचा. कांद्याचे भाव मामा त्या चित्रांमधून वाचायचा. मजकूर निवडता यायचा नाही की कुणाला पाठवता यायचा नाही, पण वाचता यायचा. तेव्हा मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. आता कळतं की त्या फोनमध्ये वेलांटी काढायला कोणी नव्हतं, म्हणून ती दूर कुठेतरी काढली जात होती आणि तिचा फोटो येत होता.

त्याआधीचा काळ माझ्या ऑफिसातले सर सांगतात. मराठी वर्तमानपत्रांच्या साइट्स सुरू झाल्या तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, होतं, १९९१ साली त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी आली होती, पण घरोघरच्या संगणकांना ती मांडता येत नव्हती. म्हणून प्रत्येकाने आपापला फॉन्ट काढला. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे, म्हणजे आत साठवलेलं असायचं निरर्थक इंग्रजी आणि वर दिसायचं मराठी. फॉन्ट पानाबरोबर आपोआप उतरवायची सोय मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमध्ये १९९७ साली आणली होती, पण ती त्याच ब्राउझरपुरती. दुसऱ्या ब्राउझरमधून तेच वर्तमानपत्र उघडलं तर स्वल्पविराम, कंस आणि उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं. त्या वर्षांतला कितीतरी मराठी मजकूर आज शोधून सापडत नाही, कारण शोधयंत्राच्या दृष्टीने तो मराठी नव्हताच. सर हे सांगताना हळहळतात आणि मलाही हळहळ वाटते. विशेषतः या शहरात राहून वाटते. सी-डॅक १९८८ साली पुण्यात उभी राहिली, भारतीय लिप्या संगणकावर आणायचं केवढं तरी काम तिथे झालं. पाषाणला जाताना त्यांच्या इमारतीवरून बस गेली की मी आजही मान वळवून बघते.

एकाच ब्राउझरला धरून पानं लिहिली की काय होतं, हे वेबने एकदा पुरतं भोगलं आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ साली. नेटस्केप हा त्याचा प्रतिस्पर्धी तोवर हरला होता, पुढे मायक्रोसॉफ्टचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर गेला, आणि मग सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडलं. पाच वर्षं! ज्याच्याशी कोणी स्पर्धा करत नाही त्याने घाई कशासाठी करायची? या शांततेत खळबळ केली ती फायरफॉक्सने. नेटस्केपने हरता हरता १९९८ साली आपला कोड खुला केला होता, त्यातून मोझिला हा प्रकल्प निघाला, आणि त्यातल्या काही तरुणांनी, ज्यांतला ब्लेक रॉस तेव्हा विशीतही नव्हता, एक सुटसुटीत ब्राउझर बांधायला घेतला. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली.

ब्राउझरच्या इतिहासात मला हे पुन्हा पुन्हा भेटतं, की पाया घालणारी माणसं वयाने आणि अधिकाराने लहान होती. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत लिहिला. त्यात पान वाचता यायचं आणि तिथल्या तिथे बदलताही यायचं, पण तो नेक्स्ट नावाच्या संगणकावरच चालायचा आणि असे संगणक फार थोड्यांकडे होते. तिथे निकोला पेलो ही गणिताची विद्यार्थिनी आली होती. तिने साध्या अक्षरांच्या पडद्यावर, जवळजवळ कुठल्याही संगणकावर चालेल असा ब्राउझर लिहिला. वेब त्या प्रयोगशाळेबाहेरच्या संगणकांवर दिसू लागलं त्यात तिचा केवढा वाटा आहे! १९९३ साली मोझेक आला तो इलिनॉय विद्यापीठातून, मार्क अँड्रीसन हा विद्यार्थी आणि त्याचा सहकारी एरिक बिना यांच्या हातून. आणि लिनक्सच्या केडीई प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी केएचटीएमएल नावाचं छोटं, नीटनेटकं इंजिन लिहिलं. ॲपलने ते उचलून वेबकिट केलं, २००३ साली सफारी आणला. गुगलने वेबकिट घेऊन २००८ साली क्रोम आणला, २०१३ साली त्यातून फुटून ब्लिंक हे आपलं इंजिन केलं. मायक्रोसॉफ्टने २०२० पासून आपला एज ब्लिंकवरच उभा केला. म्हणजे आज पुण्यात कोणाच्याही हातातल्या फोनवर बहुतेक त्या स्वयंसेवकांच्या कोडचाच वंशज चालतो.

याची खूण अजून ब्राउझरच्या ओळखीत शिल्लक आहे. पान मागताना प्रत्येक ब्राउझर सर्व्हरला आपली ओळख सांगतो. क्रोमची ओळख वाचली तर तीत आधी मोझिलाचं नाव येतं, मग ॲपलचं वेबकिट, मग केएचटीएमएल, मग 'गेकोसारखा' (गेको म्हणजे फायरफॉक्सचं इंजिन), मग क्रोम आणि शेवटी सफारी. लग्नात गुरुजी वधूवरांच्या तीन पिढ्यांची नावं घेतात तसंच. कारण असं की नव्वदच्या दशकात नेटस्केप आपली ओळख मोझिला अशी सांगायचा, आणि काही साइट्स ते नाव दिसलं तरच चांगलं पान द्यायच्या. इंटरनेट एक्सप्लोररने म्हणून स्वतःला मोझिला म्हणवून घेतलं, आणि मग जो नवा आला त्याला आधीच्या सगळ्यांची नावं घ्यावी लागली. मला त्यात दुःखही दिसतं. चांगलं काम करूनही दुसऱ्याच्या नावाने दार ठोठवावं लागणं बरं नाही.

आणि हे जुनं झालेलं नाही. रूममेटने एका परीक्षेचा फॉर्म भरायला घेतला तर पानाने तिला आतच घेतलं नाही, अमुक ब्राउझरच वापरा म्हणून सूचना आली. तिच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स, मीच बसवून दिलेला. मुदत संपत आली होती, ती घाबरली आणि खाली झेरॉक्सच्या दुकानात जायला निघाली. पेठेत गल्लोगल्ली 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशा पाट्या आहेतच. मी फायरफॉक्सला आपली ओळख क्रोम म्हणून सांगायला लावलं. फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरळीत भरला गेला, फोटो आणि सहीसकट. म्हणजे अडचण ब्राउझरच्या कुवतीची नव्हती. पान बनवणाऱ्याने एकाच ठिकाणी तपासलं होतं आणि बाकीच्यांना दारात थांबवलं होतं. गावाकडून आलेली, खिशात मोजके पैसे असलेली मुलं या फॉर्मांवर आयुष्य टांगून बसतात. त्यांच्यासाठी बनवायचं पान सगळ्यात उघडायलाच हवं, याबाबत माझ्या मनात जराही शंका नाही.

क्रोम वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. त्याचा कोड मी वाचते, त्यातून शिकते. पण जगातले सुमारे दोन तृतीयांश लोक तो वापरतात, आणि एज, ऑपेरा, ब्रेव्ह हेही त्याच इंजिनावर आहेत. एखाद्या इंजिनाचा वाटा इतका वाढला की त्याची चूकसुद्धा नियम होऊन बसते. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचं, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या सोयींचंच पाहा. क्रोमने २०२४ पासून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद करायला घेतली, युब्लॉक ओरिजिनही त्यात गेलं. फायरफॉक्सने ती पद्धत चालू ठेवली. आयफोनवर तर युरोप सोडून बहुतेक ठिकाणी नाव कुठलंही असो, आत वेबकिटच. रूममेटच्या चालू घडामोडींच्या वहीतही हा विषय शिरला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने शोधाच्या बाजारात गुगलची मक्तेदारी असल्याचा निकाल दिला, क्रोम विकायला लावा अशी सरकारची मागणी होती, ती सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केली नाही. तिने मला विचारलं की फायरफॉक्सचं यात काय. मी सांगितलं की मोझिलाचं बहुतांश उत्पन्न फायरफॉक्समध्ये गुगलचं शोधयंत्र ठेवण्याच्या करारातून, म्हणजे गुगलकडूनच येतं. ती पेन खाली ठेवून बघत राहिली. या एका गोष्टीने मला कधी कधी झोप लागत नाही.

मराठीला यात काय पणाला लागलं आहे, ते मी रोज कामात बघते. इंग्रजी शीर्षक देखणं दिसावं म्हणून डिझायनर अक्षरांमध्ये थोडी जागा सोडतात. तीच सूचना मराठी शीर्षकाला लागली की शिरोरेषा तुटते, अक्षरं दोरीवरून सुटल्यागत एकेकटी लोंबतात. मी मराठीपुरती ती जागा शून्य करते. प्रत्येक प्रकल्पात हे माझं पहिलं काम. दुसरं काम पानाची भाषा सांगणं. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा लिहायची सोय असते, मराठीसाठी एमआर. कितीतरी मराठी पानांवर तिथे इंग्रजीची खूण तशीच राहिलेली असते. ती बदलली की ज्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार आहेत तिथे ल आणि श हिंदी वळणाचे न दिसता आपल्या पाटीवरचे, पाठ्यपुस्तकातले दिसतात. दोन अक्षरं लिहिली आणि पान मराठी वळणावर आलं! हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी मेसमध्ये जेवायचं विसरून तेच पुन्हा पुन्हा बदलून बघत होते.

मेसच्या मावशींसाठीही मी एक पान केलं आहे, रोजचा मेनू आणि महिन्याचा दर. त्यांचा फोन जुना आहे आणि अक्षरं त्यांनी सगळ्यात मोठी करून ठेवली आहेत, म्हणून पान त्या मापाला वाकेल असंच लिहिलं. दर मराठी आकड्यांत हवे होते. ब्राउझरला भारतातली मराठी म्हणून सांगितलं की तो स्वतःहून देवनागरी आकडे घेतो आणि स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने, १२,३४,५६७ असे लाख-हजारांवर टाकतो. ही सोय ब्राउझरमध्ये कुणीतरी विचारपूर्वक घातली आहे. मावशींना त्यातलं काही सांगायची गरज पडली नाही, त्यांनी पान बघितलं आणि म्हणाल्या, "शुक्रवारी साबुदाणा टाक, उपासवाल्या पोरी विचारतात."

अक्षर म्हणजे काय, याचंही उत्तर अलीकडे सुधारलं. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडच्या जुन्या नियमाने त्याचे तीन तुकडे व्हायचे: स्, त्, री. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायचं म्हटलं की हाच प्रश्न यायचा. २०२३ साली युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं एकसंध मानायचा नियम आला. नियम आला तरी तो प्रत्येक इंजिनात, कर्सरपासून पहिल्या अक्षरापर्यंत सगळीकडे उतरायला हवा, आणि उतरला की नाही हे बघायला कोणीतरी हवं. इंजिनं चार असतील तर एकाने चांगलं केलेलं दुसऱ्याला दाखवून मागता येतं. एकच राहिलं तर दाखवायला काय उरतं?

म्हणून मी एक पान वाढवत नेते आहे. त्यात फक्त शब्द आहेत. जिल्हाधिकारी, आचार्यांना, आचाऱ्यांना, स्त्री, मूर्ती, तऱ्हा, ज्ञानेश्वर, वैशिष्ट्य. रूममेट अभ्यासातून अवघड शब्द आणते आणि मी ते घालते. राज्यघटनेच्या पुस्तकाने आम्हाला बरेच दिले. प्रत्येक शब्दापुढे काय व्हायला हवं ते लिहिलं आहे, चारही ब्राउझरमध्ये काय होतं ते शेजारी. सगळी इंजिनं ज्यावर स्वतःला तपासतात असा चाचण्यांचा एक सामाईक साठा आहे, त्यात कोणीही भर घालू शकतं. यातले शब्द त्या रूपात लिहायला मी सुरुवात केली आहे. पहिली चाचणी 'स्त्री'ची आहे. त्यावर आलेल्या शंकांना उत्तर देण्यासाठी आधी चार ओळींत जोडाक्षर समजावून सांगावं लागणार आहे, आणि रूममेट म्हणते की ते ती लिहून देईल, तिची पूर्व परीक्षा झाली की.